अळंबीचा भात आणि दुसऱ्याचा शब्द

जी गोष्ट आपल्याला स्वतः तपासता येत नाही ती कोणाच्या भरवशावर पोटात घ्यावी, हा प्रश्न ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो रोज चुलीपाशी सुटत असतो. गवळ्याचे दूध, खाटकाकडचे मटण, गिरणीतले पीठ यांतले आपण काहीच तपासत नाही. कोणीतरी सांगतो, आपण मानतो आणि जेवतो. आमच्या चंदगडकडे पावसाळ्यात मात्र हा प्रश्न जरा उघडा पडतो. त्या दिवसांत आमच्या घरांत अळंबीचा भात होतो, आणि अळंबी ओळखण्यात चूक झाली तर ती दुरुस्त करायला माणूस शिल्लक राहीलच असे नाही.

चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूरकडे गेले आणि चंदगड कोल्हापुराला जोडले गेले. तरीही आमचा बाजार, दवाखाना आणि सोयरिकी बऱ्याच अंशी बेळगावकडेच राहिल्या. पश्चिमेला तिलारी आणि आंबोलीचे डोंगर, पलीकडे कोकण आणि गोवा. त्यामुळे एकाच वस्तूला आमच्याकडे तीन-चार नावे असतात. बाजारात आम्ही अळंबी म्हणतो, गोव्याकडचे पाहुणे अळमी म्हणतात, घरातल्या दखनीत तिला खुंबी म्हणणारीही माणसे आहेत, आणि जी खायची नाही ती सगळी ‘कुत्र्याची छत्री’. भाषेनेच खाण्याची आणि न खाण्याची अशी वाटणी करून ठेवली आहे. फक्त कोणती कुठली, हे भाषा सांगत नाही.

भात अगदी साधा. तांदूळ शक्यतो घनसाळ, शेजारच्या आजऱ्याचा असला तर उत्तमच. त्या आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याचा वास त्याआधीही तसाच होता. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजत घालायचा. अळंबीची माती तीन-चार पाण्यांत काढायची, देठाची खरबरीत साल सोलायची आणि सुरी न लावता हातानेच उभी फाडायची. तेलात कांदा, हिरवी मिरची आणि ठेचलेला लसूण टाकायचा. कांदा गुलाबी झाला की चिमूटभर हळद आणि मग अळंबी. ती आपले पाणी सोडते. ते पाणी आटेपर्यंत वाट पाहायची. ही घाई ज्याने केली त्याचा भात चिकट झालाच. मग निथळलेला तांदूळ घालून दोन मिनिटे परतायचा, गरम पाणी, मीठ, वर झाकण आणि खाली मंद विस्तव. उतरवताना मूठभर ओले खोबरे. काही घरांत एखादे आमसूल टाकतात. गरम मसाला नको. आमच्या समाजात हाताला मसाल्याची सवय, म्हणून नव्या सुना त्यात लवंग-दालचिनी घालू पाहतात आणि जुन्या बाया त्यांचा हात धरतात. अळंबीला मटण करायला गेले की तिचा मातीचा वास जातो, आणि मटण तर ती होत नाहीच.

ती मटण नाही, हे खरे. पण ती भाजी तरी आहे का? विज्ञानाने याचे उत्तर फार उशिरा दिले. व्हिटेकर या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सजीवांची पाच राज्ये मांडली तेव्हा बुरशीला वनस्पतींपासून वेगळे घर मिळाले. पुढे असे दिसून आले की तिचे नाते वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी जवळचे आहे. खेकड्याच्या कवचात जे कायटिन असते तेच तिच्या पेशींच्या भिंतीत असते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याबरोबर अळंबीही द्विजांना वर्ज्य सांगितली आहे. उलट आमच्याकडे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ‘कमआ’ला मन्नचा एक प्रकार म्हटले आहे, मन्न म्हणजे बनी इस्राईलला वाळवंटात मिळालेले अन्न. कमआ ही अरबस्तानच्या वाळूत जमिनीखाली होणारी बुरशी. उर्दू भाषांतरांत ती बहुधा खुंबी होऊन आली आणि आमच्या घरांत अळंबीलाच तो मान मिळाला. भाष्यकारांनी याचे एक कारण असे सांगितले आहे की मन्नप्रमाणे तीही न पेरता, न शिंपता हाती येते. याच बनी इस्राईलला पुढे एकाच अन्नाचा कंटाळा आला आणि त्यांनी काकडी, मसूर, कांदा मागितला, असे सूरह बकरामध्ये आले आहे. आमच्या भातात मन्न आणि कांदा एकाच पातेल्यात शिजतात, ही तडजोड म्हणायची की हावरेपणा, ते जाणत्यांनी ठरवावे.

न पेरता येते म्हणालो, तेही पूर्ण खरे नाही. आमच्याकडे ज्या अळंबीला सर्वांत मान आहे ती वारुळावर उगवते आणि तिला पेरणारी वाळवी असते. पालापाचोळा आणि लाकूड चावून वाळवी जमिनीखाली त्याचे पोळे रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तिच्यावर जगते. कोट्यवधी वर्षांपासून ही शेती चालू आहे. आर्द्रा-पुनर्वसूचा पाऊस मुरला की त्या पोळ्यातून लांब मुळासारखा देठ वर येतो आणि सकाळी छत्र्या उघडतात. एक दिवस, फार तर दोन. मग किडे पडतात. बटण अळंबीप्रमाणे तिची व्यापारी शेती अजून माणसाला साधलेली नाही. म्हणजे आमच्या ताटात आलेली रिज्क वाळवीच्या घासातून आलेली असते.

वाळवीने पेरले, तरी तोडणारे हात माणसाचेच. पश्चिमेच्या डोंगरात गवळी धनगरांचे वाडे आहेत. तिथल्या बाया पहाटे निघून वारुळे धुंडाळतात आणि पानांत गुंडाळलेली अळंबी टोपलीतून घेऊन येतात. काही बेळगाव–वेंगुर्ले रस्त्याच्या कडेला बसतात, काहींची घरे ठरलेली असतात. आमच्या घरी वर्षानुवर्षे येणाऱ्या आक्का दारात टोपली ठेवून आमच्या अम्मींना एवढेच म्हणायच्या, “भाबी, आमच्या चुलीवर जे चढत न्हाई, ते मी टोपलीत घालत न्हाई.” त्या वाक्यावर आमचे सगळे घर जेवत आले. आम्हाला अळंबी ओळखता येत नव्हती आणि आजही येत नाही. आक्कांना ओळखत होतो.

आता कोणी म्हणेल, ही तर निव्वळ अंधश्रद्धा झाली. म्हणून आक्कांचे काम काय होते ते नीट पाहिले पाहिजे. त्या स्वतः फार संशयी होत्या. एकाच जागच्या दहा छत्र्यांतल्या दहाही उचलून, उलट्या करून, देठ मुळापासून काढून, वास घेऊन बघायच्या आणि मन घेत नसेल तर टाकून द्यायच्या. जागा रोजचीच असली तरी दरवर्षी नव्याने बघायच्या. त्या काय बघायच्या हे आम्ही इथे लिहीत नाही. वाचून ते येत नाही, आणि वाचून आले असे वाटणे हेच त्यातले सर्वांत धोक्याचे. गावोगावी काही सोप्या कसोट्या सांगतात: शिजताना चांदीचे नाणे टाका, लसणाची पाकळी टाका, तांदळाचे दाणे टाका, रंग बदलला तर विष. या सगळ्या कसोट्या खोट्या आहेत. सर्वांत जहाल अळंबीचे विष चांदी काळी करत नाही, तांदूळ लाल करत नाही आणि कितीही शिजवले तरी जात नाही. तिची चवही म्हणे वाईट नसते. त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो, मध्ये एक दिवस बरे वाटते आणि तोवर यकृत गेलेले असते. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात, बहुतेक चहामळ्यांच्या भागातली, तेरा माणसे अशी रानातली अळंबी खाऊन दगावली. ते नवखे नव्हते, वर्षानुवर्षे रानातलेच खात होते.

आमच्या धार्मिक चर्चांत तकलीद आणि इज्तिहाद या शब्दांवरून फार आवाज चढतात. एक बाजू म्हणते, जाणत्यांनी सांगितले ते माना. दुसरी म्हणते, स्वतः विचार करा. अळंबीच्या टोपलीपाशी उभे राहिले की दोन्ही बाजू थोड्या गप्प होतात. इथे आम्ही स्वतः विचार करायला गेलो तर मरू. पण आक्कांचे ऐकतो ते त्यांनी दरवर्षी नव्याने तपासले म्हणून. ज्या दिवशी त्या जुन्या ओळखीवर डोळे मिटून टोपली भरतील, त्या दिवशी आमचे ऐकणेही आंधळे होईल. म्हणजे कोणाच्या तरी शब्दावर जेवायचे तर कोणीतरी कुठेतरी पोटतिडकीने संशय घेतलेला असावा लागतो.

मात्र तो संशय कशावर घ्यायचा, यात सगळे आले. आक्कांचा संशय वस्तूवर होता. आजकाल ज्या संशयाचे पीक आले आहे तो माणसावर आहे, आणि वस्तू पाहण्याची त्याला गरजच वाटत नाही.

उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाहडा गावात २८ सप्टेंबर २०१५ च्या रात्री देवळाच्या भोंग्यावरून घोषणा झाली आणि मोहम्मद अखलाक यांना घरात शिरून ठार मारण्यात आले. त्यांच्या फ्रीजमध्ये काय आहे याचा जमावाला संशय होता. मांस नंतर प्रयोगशाळेत गेले, अहवाल आले, अहवालांवर वाद झाले. माणूस तोवर गेला होता. ते मांस कशाचे निघाले असते तर ही हत्या योग्य ठरली असती, असा प्रश्न मुळात उद्भवतच नाही. तरीही वर्षानुवर्षे चर्चा त्याचीच झाली. २०२४ च्या जुलैमध्ये मुजफ्फरनगरकडे कावड यात्रेच्या रस्त्यावरील खाद्यविक्रेत्यांनी मालकांची नावे लावावीत असा फतवा पोलिसांनी काढला. (फतवा हा शब्द आमच्या वाट्याला फार येतो, म्हणून इथे मुद्दाम वापरला.) सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. त्या आदेशाचा आशय असा होता की कोणते अन्न मिळते ते लिहायला सांगता येईल, नावे लिहिण्याची सक्ती करता येणार नाही. आमच्या मते टोपली उलटी करून बघणाऱ्या आक्कांचा न्याय हाच आहे: काय शिजते ते विचारा.

दुसऱ्या बाजूने एक खरा आक्षेप येऊ शकतो. माणसावर संशय घ्यायचा नाही म्हणता. पण विष घालतो तो माणूसच ना? होय. ऑस्ट्रेलियातल्या लिओन्गाथा गावी २९ जुलै २०२३ रोजी एका बाईने सासरच्या चौघांना जेवायला बोलावले आणि जेवणातून विषारी अळंबी घातली. तिघे गेले, एक जण मरता मरता वाचला. २०२५ च्या जुलैमध्ये ज्यूरीने तिला दोषी ठरवले. त्या पाहुण्यांनी ताट उलटे करून पाहायला हवे होते, असे कोण म्हणेल? नात्यातल्या घरी जेवायला बसताना माणूस निःशस्त्रच असतो आणि तसाच असला पाहिजे.

आमच्याच इतिहासात याहून जवळचे उदाहरण आहे. हिजरीच्या सातव्या वर्षी खैबरला एका यहुदी बाईने हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्यासमोर विष घातलेले बकऱ्याचे मांस ठेवले. त्यांनी ते तोंडात घातले. सोबतचे एक सहाबी त्या विषाने वारले. तिला ठार मारायचे का असे विचारले तेव्हा पैगंबरांनी नाही म्हटले, असे बुखारीत आहे. पुढे तिचे काय झाले याविषयी निरनिराळ्या रिवायती आहेत. आमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचे ते वेगळेच आहे. त्या प्रसंगामुळे यहुद्यांचे अन्न मुसलमानांना हराम झाले नाही. सूरह माइदामध्ये अहले किताबचे अन्न तुम्हाला आणि तुमचे त्यांना हलाल असल्याचे जे सांगितले आहे ते आजतागायत कायम आहे. एका हाताने विष दिले म्हणून त्या हाताच्या सगळ्या जमातीचे ताट नाकारले गेले नाही. आज आमच्या हातच्या खाण्याविषयी जी चित्रफीत मोबाइलवरून मोबाइलवर फिरते, तिच्यासमोर हे मुद्दाम ठेवावेसे वाटते. आणि आमच्यातल्याही काहींना ते ऐकवावेसे वाटते, कारण दुसऱ्याच्या घरचे पाणीसुद्धा शंकेने पिणारे आमच्यात नाहीत असे नाही.

हजरत आयेशा (र.) यांच्याकडून आलेली एक हदीस आम्हाला या बाबतीत फार मोलाची वाटते. नुकतेच इस्लाममध्ये आलेले काही लोक मांस आणून देत. जबह करताना त्यांनी अल्लाहचे नाव घेतले की नाही हे कळायला मार्ग नव्हता. पैगंबरांना विचारले गेले. उत्तराचा भाव असा की तुम्ही नाव घ्या आणि खा. म्हणजे चौकशीचे ओझे आणणाऱ्याच्या पाठीवर न टाकता खाणाऱ्याच्या जिभेवर ठेवले. सूरह हुजुरातमध्ये तर फार संशय घेऊ नका, काही संशय हे गुनाह असतात आणि एकमेकांची गुपिते हुडकू नका, असा स्पष्ट हुकूम आहे. याचा अर्थ डोळे मिटून काहीही खावे असा नाही. जे पोटात घ्यायचे ते हलाल आणि तय्यब, म्हणजे चांगले, असावे हेही कुरआनच सांगते. आक्का तय्यब बघत होत्या, आमच्या अम्मी बिस्मिल्लाह म्हणत होत्या. दोघींमध्ये काम वाटले गेले होते.

महाराष्ट्राच्या गावगाड्याला हे सगळे नवे नव्हते. बलुतेदारीत मुलाणी असे. गावच्या जत्रेत बकरे पडायचे ते मुलाण्याच्या हातून, आणि सगळे गाव ते खायचे. देव त्यांचा, सुरी आमची. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, आणि ती गेली याचे कोणाला दुःख होण्याचे कारण नाही. पण त्या ताटावर बसणारा मुलाण्याच्या शब्दावर जेवत होता, एवढे खरे.

आता पातेल्याची गोष्ट. श्रावणात आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी मांस-मच्छी बंद. त्या महिन्यात अळंबीला भाव येतो, कारण तोंडाला तेवढाच वेगळा आधार. काकू कुंपणावरून म्हणायच्या, “भाबी, श्रावण आहे. वेगळ्या पातेल्यात केलात तर आमच्यासाठीही थोडा ठेवा.” अम्मींनी त्यासाठी एक पितळी देगची निराळी ठेवली होती. तिच्यात कधी मांस शिजले नाही.

आमच्या नात्यातल्या शिकलेल्या मुलांना हे खटकते. ते म्हणतात, हा विटाळच आहे, गोड शब्दांतला. त्यांचे म्हणणे आम्ही झटकून टाकत नाही. भांड्यांच्या वेगळेपणाने या देशात किती माणसांना दाराबाहेर ठेवले याचा हिशोब मोठा आहे, आणि पातेले आज वेगळे असले तर उद्या कप वेगळा होतो, हेही पाहिलेले आहे. तरीही आमचा कौल काकूंच्या बाजूने पडतो. त्यांनी विचारले ते भांड्याविषयी, आणि समोर विचारले. उत्तर मिळाल्यावर स्वयंपाकघरात येऊन देगची हुंगून पाहिली नाही. आम्हीही त्यांच्या घरच्या लग्नात गेलो की मटण कोणी कापले ते विचारतो, आणि काकांनी ‘मुलाण्याकडूनच’ म्हटले की पुढचा प्रश्न न विचारता बसतो. ज्यांना आमच्या घरचे खायचे नाही पण तसे तोंडावर म्हणायचेही नाही, ते उपास सांगतात, पोट बिघडल्याचे सांगतात, फार गोड बोलतात. त्यांच्यापेक्षा पातेल्याची अट घालून आमच्या शब्दावर घास घेणारी बाई आम्हाला अधिक जवळची वाटते. पातेल्याचा कप झाला तर त्या दिवशी पुन्हा बोलू.

आता आक्का येत नाहीत. त्यांच्या नाती बेळगावला कामाला जातात आणि वारुळे ओळखायला कोणी शिकले नाही, त्यामुळे टोपली आली तरी ती कोणाची हे माहीत नसते आणि आम्ही ती घेत नाही. बेळगावच्या दुकानातून बटण अळंबीचा पुडा येतो. त्यावर हिरवा ठिपका असतो, वजन असते, तारीख असते. भात त्याच पद्धतीने होतो. वास मात्र येत नाही, म्हणून खोबरे थोडे जास्त पडते आणि लसूणही. पुड्यावरच्या ठिपक्याने अळंबीची हमी दिली तरी देगचीची हमी त्यावर छापलेली नसते. काकूंच्या सुनेने गेल्या श्रावणात पुडा उलटून तारीख वाचली आणि मग विचारले, “भाबी, ती पितळी देगची आहे ना अजून?” आहे म्हटल्यावर ती घरून डबा घेऊन आली.